काळ्या थाळीतला सोनाटा

मॉस्को,
११ जानेवारी १९४३

चि. ताया हीस अग्लाया आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं डिसेंबरचं पत्र परवा हाती आलं. वाटेत कुणी तरी ते उघडून, वाचून पुन्हा त्रिकोणी घडी घालून ठेवलं होतं, आणि ती घडी तुझ्या घडीपेक्षा कितीतरी नीट आहे. त्या भल्या माणसाला माझा नमस्कार. तो हेही पत्र वाचणारच आहे.

मी नोटेशनच्या कागदावर लिहिते आहे, त्याला हसू नकोस. साधा कागद मिळत नाही आणि आमच्या ऑफिसात रेघांच्या कागदाची वानवा नाही. पाच रेघांच्या मधोमध अक्षरं बसवताना मला उगाच वाटतं की तू हे पत्र वाचणार नाहीस, वाजवणार आहेस.

आता मुख्य बातमी. नव्या पियानो-सोनाटाचं हस्तलिखित नकलेसाठी माझ्याच टेबलावर आलं आहे. युद्ध सुरू झाल्यावर लिहिलेला आहे. तीन भाग, सगळे पेन्सिलीत, आणि अक्षर असं की रचनाकर्त्यांनी धावत्या गाडीत लिहिलं असावं. छापून कधी येईल देवाला ठाऊक. तेव्हा ऑफिसची प्रत झाली की उरलेल्या वेळात मी तुझ्यासाठी एक उतरवते आहे, साहेबांना विचारून. पहिला भाग झाला. टपालात नोटेशन चालत नाही, सांकेतिक लिपी समजून अडकवून ठेवतात, म्हणून तिकडे निघालेल्या एका व्हायोलिनवाल्याच्या हाती पाठवते आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझी लाल खूण आहे. लहानपणी तू विचारायचीस ना, ही कसली खूण म्हणून? पान उतरवलं की ते आपल्या पियानोवर सावकाश वाजवून बघायचं, कानाला पटलं की मगच खूण करायची. एकतीस वर्षं हा नेम आहे.

इथे फार शांत आहे. बर्फामुळे असेल. वरच्या मजल्यावर त्या बायका लष्कराचे कपडे शिवतात, त्यांच्या मशीनच्या खडखडाटाने तू डोकं धरून बसायचीस. मला आता त्यांचाही त्रास होत नाही. शेजारची ग्लाफिरा ट्रामवर कंडक्टर झाली आहे आणि घरातही सगळ्यांना तिकीट काढल्यासारखी हाकते. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की तीच येऊन माझा खांदा हलवते. बाकी आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलायचा प्रसंग येत नाही. तुझे वडील गेले तेव्हा मी तुझ्यासाठी जगायचं ठरवलं होतं, आणि आता तू संगीतशाळेबरोबर हजार किलोमीटरवर. माझी एकच इच्छा उरली आहे: हा सोनाटा तुझ्या हातून ऐकायचा. तेवढं होईपर्यंत मी मरत नाही, काळजी करू नकोस.

इथे नळाचं पाणी गोठलं आहे, लोभ मात्र वाहता आहे. तोच तिकडूनही असू दे.

तुझी,
अग्लाया आत्या

•

कुइबिशेव,
६ फेब्रुवारी १९४३

ती. आत्यास तायाचे सा. न. वि. वि.

व्हायोलिनवाला आला आणि पानं पोचली. मी ती कोटाच्या आत छातीशी धरून घरी आणली. घरी म्हणजे पडद्यामागे. एका खोलीत तीन कुटुंबं, आणि मी एकटी हे चौथं कुटुंब. पडदा एका अंगाला फाटला आहे, त्यातून समोरच्या आजी मला बघत असतात आणि मी काय खाते ते मोठ्याने सांगतात.

परवा स्टालिनग्राडची बातमी आली. रस्त्यात अनोळखी माणसं गळ्यात पडून रडली. मीही एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या गळ्यात पडून रडले. मग तो आपल्या वाटेने गेला, मी माझ्या. इतक्या गर्दीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तू हवी होतीस.

रोज सकाळी सहा ते साडेसात क्लबातला पियानो मला मिळतो. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या आहेत. पहिला भाग बोटांत बसतो आहे. फार कडू आहे गं. पण एक शंका आहे. चौथ्या पानावर, तिसऱ्या ओळीच्या शेवटी डाव्या हाताला तीन सुरांचा जो कॉर्ड आहे, तो ऐकताना दात आंबतात. कर्त्यांनी खरोखर तसाच लिहिला आहे, की तुझं पेन घसरलं? विचारायला भीती वाटते, कारण कोपऱ्यात लाल खूण आहे आणि लाल खुणेच्या पानात चूक सापडल्याचं मला तरी आठवत नाही.

आणखी एक मागणं. दुसरा भाग उतरवशील तेव्हा आपल्या पियानोवर तो वाजव आणि कसा वाटतो ते लिही. खिडकीकडचा सूर अजून थंडीत किंचित उतरतो का? मला आपल्या खोलीतला तो आवाज आठवेनासा झाला आहे, त्याचंच भय वाटतं.

तुझ्या लोभावर इथली थंडी काढते आहे. त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
ताया

•

मॉस्को,
२५ फेब्रुवारी १९४३

चि. ताया हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दात आंबतात म्हणे! बाई, युद्धातला सोनाटा आहे. तुला काय साखरेत घोळलेले कॉर्ड हवेत? इथे चहात साखर नाही, तर डाव्या हातात कुठून आणायची? लिहिलं आहे तसं वाजव.

दुसरा भाग सोबत. या खेपेला आणणारी व्हायोलिनवाल्याची मेहुणी आहे. तिला गाजराचा चहा पाज, त्याहून बरं काही असेल तर तू पी.

कसा वाटतो म्हणून विचारलंस. हळू आहे. डावा हात एकाच जागी ये-जा करतो, जसं कुणी रिकाम्या खोलीत फेऱ्या मारावं, आणि उजवा हात फार उशिरा येतो. तो आला की वाटतं आता कुणी तरी बोलेल. पण तोही थोडं बोलून गप्प होतो. हे सगळं मला पानावर बघूनच कळलं. इतकी वर्षं हे काम केल्यावर डोळ्यांनाच ऐकू येतं. खिडकीकडच्या सुराचं काय विचारतेस, आपला पियानो आहे तसा आहे. रोज त्याची धूळ पुसते. मागच्या हिवाळ्यात लोकांनी टेबलं जाळली, कपाटं जाळली. ग्लाफिराने माझ्याकडे आणि पियानोकडे आळीपाळीने पाहिलं होतं. मी तिला जाळायला माझ्या पलंगाची फळी दिली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पत्रं जरा लांब लिहीत जा. तुझ्या पत्राशिवाय दुसरा आवाज या घरात येत नाही असं समज.

लोभ ठेव, आणि पायांत दोन मोजे घाल.

तुझी,
अग्लाया आत्या

•

कुइबिशेव,
२० मार्च १९४३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. रविवारी १८ एप्रिलला, मॉस्कोच्या घड्याळाने संध्याकाळी पाच वाजता, मी हा सोनाटा इथल्या स्टुडिओतून रेडिओवर वाजवणार आहे. सगळ्या देशात ऐकू येणार. सगळ्या देशाचं मला काही नाही. आपल्या दाराशेजारच्या खिळ्यावर रेडिओची ती काळी कागदाची थाळी टांगलेली आहे ना, तिच्यातून मी तुझ्याजवळ येणार आहे. तुझी इच्छा इतक्या लवकर पुरी होईल असं मला वाटलं नव्हतं.

तिसरा भागही मागच्या आठवड्यात पोचला, आणि तू मला त्यातल्या घाईबद्दल बोलणार हे ठाऊक आहे. सहा वर्षांची होते तेव्हापासून बोलते आहेस. मी लय मोजायचा मेट्रोनोम उशाशी घेऊन झोपते आहे, बस?

आणि तुझ्या त्या आंबट कॉर्डची इथे कीर्ती झाली आहे. हॉस्पिटलात पहिला भाग वाजवला. तोफखान्यातला एक जखमी माणूस नंतर काठी टेकत आला आणि म्हणाला की बाकीचं संगीत त्याला कळलं नाही, पण ती एक जागा ज्याने लिहिली त्याच्याजवळ बॉम्ब पडलेला असणार. मला शरमल्यासारखं झालं. तरी आत्या, एकदा मूळ प्रत पुन्हा बघशील का? रेडिओवर चूक गेली तर कर्ते मला जन्मभर क्षमा करणार नाहीत.

आमची संगीतशाळा उन्हाळ्यात मॉस्कोला परत जाईल अशी कुजबुज आहे. परवान्यासाठी नावं लिहून घेताहेत. मी पहिलं लिहिलं.

लोभ आहेच. त्या दिवशी पाच वाजता तो थाळीजवळ घेऊन बस.

तुझी,
ताया

•

मॉस्को,
५ एप्रिल १९४३

चि. ताया हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मूळ प्रत पाहिली. कॉर्डमधल्या मधल्या सुराला कोमलाची खूण आहे. माझ्याकडून सुटली. फिकट पेन्सिल होती, पण ती सबब नाही. ऑफिसच्या प्रतीतही तीच चूक होती, ती साहेबांना कळायच्या आत सुधारली. तू हातातल्या प्रतीवर खूण कर आणि त्या तोफखान्याच्या माणसाला काही सांगू नकोस. मला फार लागलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

अठरा तारखेची तयारी झाली आहे. जांभळ्या पोशाखाची लेस धुऊन ठेवली. ग्लाफिराची त्या दिवशी दुपारची पाळी आहे, ते बरंच. ती जाताना थाळीचा आवाज वाढवून जाईल. मला त्या वेळी कुणीही जवळ नको आहे. खुर्ची दारापाशी ओढून ठेवली आहे, अजून तेरा दिवस आहेत तरी. येता-जाता मी तिला अडखळते.

परवान्याचं वाचलं. ये. पण हातातलं काम टाकून माझ्या काळजीने येऊ नकोस. मी ठणठणीत आहे.

लोभात वजाबाकी नाही, चूक झाली तरी. तूही करू नकोस.

तुझी,
अग्लाया आत्या

•

मॉस्को,
१८ एप्रिल १९४३, संध्याकाळ

चि. ताया, माझ्या बाळा, किती आशीर्वाद देऊ?

ऐकलं. सगळं ऐकलं. आत्ताच संपलं आणि मी लगेच लिहायला बसले आहे, लेसचा पोशाखही उतरवलेला नाही. पहिल्या भागात तुझा डावा हात किती भारी झाला आहे! सरपण फोडतेस वाटतं. दुसऱ्या भागात मला रडू आलं. तो सगळा भाग तू इतका संथ, इतका दबका ठेवलास की मी श्वास धरून बसले होते. तुझे वडील असते तर खोलीभर फिरले असते.

फक्त तिसऱ्या भागात घाई केलीस. दोन्ही हात एकमेकांवरून जातात त्या पानावर तू नेहमीसारखी पळालीस. तुला कोण पकडायला येत होतं? पण ते एवढंच. त्या अर्ध्या तासात मी एकटी नव्हते, ताया. दीड वर्षात पहिल्यांदा.

आज लोभ मागत नाही. आज भरून पावले.

तुझी,
आत्या

•

कुइबिशेव,
१९ एप्रिल १९४३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, तू काल काय काय म्हणाली असशील मला! लेस घालून बसली असशील आणि ऐकू काय आलं असेल, तर बटाटे.

झालं असं की मी पाच वाजता सुरुवात केली, लाल दिवा लागला होता, शेवटपर्यंत वाजवलं. बाहेर आले तर यंत्रावरचा माणूस नजर चुकवू लागला. ऐन वेळी वरून निरोप आला होता म्हणे. पेरणीचे दिवस, म्हणून माझ्या जागी मॉस्कोतूनच एका शेतकी तज्ज्ञाचं भाषण लावलं: बटाट्याचं डोळ्याकडचं टोक कापून लावावं, उरलेला बटाटा खावा, यावर अर्धा तास. मला मधेच थांबवायला कुणाला धीर झाला नाही. म्हणजे देशाने बटाटे ऐकले आणि मी भिंतींना सोनाटा ऐकवला. पुन्हा कधी ते कुणी सांगत नाही.

समोरच्या आजींना भाषण फार आवडलं. त्यांनी टोकं कापून खिडकीत मांडलीसुद्धा. मी पडद्यामागे जाऊन रडले. माझ्यासाठी नाही गं. तू खुर्ची ओढून बसली असशील, या विचाराने.

रागावू नकोस. त्या तज्ज्ञावर हवं तर राग काढ. लोभाला मात्र त्याची झळ नको.

तुझी,
ताया

•

मॉस्को,
९ मे १९४३

चि. ताया हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. रोज कागद घेते आणि परत ठेवते. आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. आता माझं तुझ्या हाती आहे आणि तू ते वाचलं आहेस. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मला ऐकू येत नाही.

तू गाडीत बसलीस त्यानंतर दोन आठवड्यांनी मी वाळूची बादली घेऊन गच्चीवर आग विझवायच्या पाळीला उभी होते, तेव्हा पलीकडच्या गल्लीत बॉम्ब पडला. डावा कान त्याच दिवशी गेला. उजव्यात थोडं उरलं होतं, ते हळूहळू विझत मागच्या शरदात संपलं. ग्लाफिराला ठाऊक आहे. तिच्याशी मी ओठ बघून बोलते. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. बहिरी नकलनवीस कोण ठेवणार? नोकरी गेली की नोकरदाराचं रेशनकार्ड जातं आणि मग आश्रिताच्या तुटपुंज्या कार्डावर मी किती दिवस काढणार? पण खरं सांगू, कार्डाची भीती दुसरी. पहिली भीती तुझी होती. तुला कळलं की तू मला हवापाण्याचं लिहिशील, तब्येत विचारशील आणि संगीताचं लिहायचं सोडशील. मग माझ्याजवळ काय राहतं?

लाल खुणा मी करतच राहिले. पान उतरवून पियानोशी बसते, वाजवते, पट्ट्या खाली जातात आणि वर काहीच येत नाही. एकदा पहाटे जोराचं पेडल दाबून वाजवलं तर ग्लाफिरा झोपेतून उठून आली आणि हातवारे करून म्हणाली की युद्ध जर्मनांशी आहे, शेजाऱ्यांशी नाही. तो कॉर्ड असाच सुटला. तोफखान्याच्या माणसाने नेमकं ओळखलं म्हणायचं. बॉम्बचाच त्यात हात होता.

अठरा तारखेला मी थाळीच्या काळ्या कागदावर दहाही बोटं ठेवली. बरोबर पाचला तो थरथरू लागला. मला वाटलं तू आलीस. मधे दोनदा तो थांबला. मला वाटलं भाग संपले. तो बाबा पाणी पीत असेल. कागद हळू थरथरला की मी समजले, दुसरा भाग. जोरात थरथरला की समजले, तिसरा. बटाट्यांवर मी ढसाढसा रडले, ताया. हसायचं तर हस.

तुला जे लिहिलं ते सगळं मनचं होतं. डावा हात, संथपणा, घाई, सगळं. तू लहान असताना जशी वाजवायचीस त्यावरून जोडून लिहिलं. खोट्या कौतुकाची आणि खोट्या बोलण्याची क्षमा कर. ते पत्र फाडून टाक.

लोभाचा हक्क राहिला असेल तर असू दे.

अग्लाया आत्या

•

कुइबिशेव,
२२ मे १९४३

ती. आत्यास तायाचे शतशः नमस्कार.

तुझं अठरा तारखेचं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाटलं, मला बरं वाटावं म्हणून गोड खोटं लिहिलंस. मग नऊ तारखेचं आलं आणि तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. शिलाईच्या मशीनचा त्रास होत नाही, ग्लाफिरा खांदा हलवते, घरात दुसरा आवाज येत नाही. सगळं तू सांगितलं होतंस आणि मी पडद्यामागे बसून स्वतःच्या एकटेपणाची गाणी गात होते. मला माझी फार लाज वाटली. तू दीड वर्ष त्या खोलीत बसून माझ्यासाठी लाल खुणा करत होतीस.

हवापाण्याचं एक अक्षर लिहिणार नाही, वचन देते. परवाना आला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संगीतशाळेची गाडी निघते. आल्यावर काम असं करायचं: तू उतरवायचंस, मी वाजवायचं, लाल खूण तूच करायची. ऑफिसला काय कळतंय? सोनाटा वाजवीन तेव्हा पियानोच्या झाकणावर दोन्ही तळवे ठेवून उभी राहा. लाकूड कागदापेक्षा बरं थरथरतं. आणि त्यात बटाटे नसतील.

ते पत्र मी फाडणार नाही. का ते खाली लिहिते.

जूनपर्यंत लोभ सांभाळून ठेव. मग मी स्वतः येऊन घेते.

तुझी,
ताया

ता. क. स्टुडिओतल्या माणसाने त्या दिवशी वेळ मोजली होती, ती मी नंतर वहीत पाहिली. दुसरा भाग मी कधी नव्हे इतका संथ वाजवला होता. आणि तिसऱ्या भागात, हात एकमेकांवरून जातात त्या पानावर, मी भ्यायले आणि पळाले. पूर्ण एक मिनिट आधी संपवलं. साऱ्या देशात ते कुणी ऐकलं नाही. आत्या, तू बरोबर ऐकलंस.